खंडेनवमीचा पियानो

आमच्या गिरिधर भाऊजींचे सत्कार किती झाले, हे आता त्यांनाही सांगता यायचं नाही. पण ते पियानो कसा वाजवतात हे सांगू शकेल असं नागपुरात एकच माणूस आहे, आणि ते म्हणजे मी, त्यांची वहिनी. मला संगीतातलं काडीचंही कळत नाही. माझं माहेर पारशिवनीचं. तिथे वाजवणं म्हणजे लग्नातला बँड नाहीतर भजनातले टाळ. पण लकडगंजातल्या आमच्या घरात स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यात एकच भिंत आहे. भिंतीच्या पलीकडे पियानो, अलीकडे मी. बाकीच्या शहराने त्यांना शाली दिल्या, मी तेवढं ऐकलं.

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. बाबाराव डांगरे, मूळचे खाप्याचे. तरुणपणी नागपूरला येऊन त्यांनी लाकडं चिरायची आरा मशीन टाकली. सदरमधल्या एका मिशनच्या शाळेला त्यांनी बाकं करून दिली. ती पोचवायला जाताना धाकट्या गिरिधरला सोबत नेलं, आणि तिथल्या मडमेचा पियानो ऐकून पोरगं जागचं हलेना. दुसरा कुणी बाप असता तर कान धरून घरी आणलं असतं. मामाजी म्हणाले, "राहू द्या, ऐकून राहिला तर ऐकू द्या त्याले." पुढे तो रोजच तिथे जाऊ लागला. मडमेने शिकवलं, शिष्यवृत्ती मिळवून दिली, आणि ज्याने मोठ्या भावाबरोबर आऱ्यावर बसायचं तो व्हिएन्नाला जाऊन बसला.

मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी तिकडेच होते. घरात त्यांचा फोटो होता, काळा कोट घालून काळ्या पियानोपाशी बसलेला. मामाजी आल्यागेल्याला तो दाखवायचे आणि सांगायचे, "हे लाकूड आपल्याकडचं नाही." पियानोबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं, आणि पोराबद्दलही फार नाही. पोरगा वाजवतो म्हणजे नेमकं काय करतो, हे त्यांनी मिशनच्या शाळेतलं सोडलं तर कधी ऐकलंच नव्हतं.

एकोणसत्तर साली भाऊजी आले ते कायमचे म्हणून नाही. नागपूरला एक मैफल करायची, वडिलांना पहिल्या रांगेत बसवून ऐकवायचं आणि परत जायचं, असा बेत होता. तिकडच्या कुठल्याशा स्पर्धेत ते तिसरे आले होते. सोनेगावच्या विमानतळावर हार पडेपर्यंत ते दुसरे झाले, आणि इतवारीत कापडी फलक लागला त्यावर जगात पहिले. भाऊजींनी सुरुवातीला दोघाचौघांना खरं सांगून पाहिलं. लोक म्हणाले, काय हा विनय. मग त्यांनी सांगणं सोडलं.

पियानो मामाजींनीच घेतला. सिव्हिल लाइन्समधला एक जुना बंगला रिकामा होत होता, तिथे जाऊन त्यांनी तो बोटाने ठोकून पाहिला, वाकून वास घेतला आणि म्हणाले, "लाकूड पक्कं हाय." घरात घ्यायला बैठकीच्या दाराची चौकट काढावी लागली. कलकत्त्याहून एक माणूस येऊन तारा जुळवून गेला. आता मैफल व्हायला कुणाची हरकत नव्हती, एक आनंदराव सोडले तर.

आनंदराव म्हणजे नवविदर्भ कलारसिक मंडळाचे चिटणीस. पोटासाठी विम्याचं काम करायचे, पण जन्म त्यांचा स्वागत करण्यासाठीच झाला होता. ते आले, पियानोवर चहाचा कप ठेवला, भाऊजी त्यांच्यावर केवढ्यांदा तरी ओरडले, आणि कप खाली ठेवून आनंदराव शांतपणे म्हणाले, "मैफल तर हायेच जी. पण आधी सत्कार. सत्कार झाल्याबिगर माणूस मोठा हाय हे लोकायले समजन कसं?"

तर पहिला सत्कार झाला. अध्यक्षांनी पियानो ही पेटीची थोरली बहीण असल्याचं सांगितलं. प्रमुख पाहुण्यांनी ती बहीण मुळात आपल्याकडचीच, गोऱ्यांनी पळवून नेलेली, असं सिद्ध केलं. परिचय करून देणाऱ्याने तर भाऊजींच्या जन्मापासून जी सुरुवात केली ती ते शाळेत जाईपर्यंत हॉलमधली अर्धी माणसं पेंगली. शेवटी आनंदराव म्हणाले, वेळेअभावी वादन पुढल्या खेपेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शपथेवर सांगते, त्या टाळ्यांत सुटकेचा आवाज होता.

मग रांगच लागली. लाकूड व्यापाऱ्यांनी केला, जुन्या शाळेने केला, गणपती मंडळांनी आळीपाळीने केला. ज्ञातीच्या मंडळाने केला, तेव्हा पोटज्ञातीच्या मंडळाला अपमान वाटून त्यांनी वेगळा केला. वाजवायचं कुणी म्हणेना असं नाही. म्हणायचे सगळेच. पण पियानो उचलून नेणार कोण, ठेवणार कुठे, आणि तो ठेवला तर पाहुण्यांच्या खुर्च्या कुठे बसवणार? शालीचं तसं नसतं, शाल कुठेही नेता येते. आणि एवढ्या मोठ्या माणसाला ऐकायची गरज काय, असंही लोकांना मनातून वाटत असावं.

शाली मी ट्रंकेत भरत गेले. नारळांची बर्फी, चटणी, सोलकढीपर्यंत सगळं करून झालं. चषक, ढाली आणि मानचिन्हं मात्र ठेवायला जागा नव्हती, ती पियानोवर आली. आधी एका कोपऱ्यात, मग ओळीने, मग दोन ओळींत.

सुरुवातीची वर्षं भाऊजी रोज सकाळी बसायचे. मामाजी आणि आमचे हे मशीनवर जायचे, माझी डाळ चुलीवर चढायची आणि पलीकडून वादन सुरू व्हायचं. कुणाचं काय ते मला माहीत नाही. पण एक लांबलचक होतं, ते हळू सुरू व्हायचं आणि मध्येच अशी काही धावाधाव व्हायची की मी हातातली पळी तशीच धरून उभी राहायचे. त्या धावाधावीत एक अवघड जागा होती. तिथे त्यांची बोटं अडायची, मागे जायची, पुन्हा यायची, पुन्हा अडायची. ज्या दिवशी ती जागा न अडखळता गेली, त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि डाळ करपली. घरात सगळे डाळीबद्दलच बोलले. ते वाजवायचे ते खरंच सुंदर होतं. मी पुढे त्यांच्याबद्दल काय वाटेल ते बोलणार आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवते.

मध्ये एकदा ते दौऱ्यावर परत गेले. ठरल्यापेक्षा लवकरच आले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "तिकडे लोक नुसतं वाजवायला लावतात, वहिनी. माणसाची काही किंमतच नाही. हॉलवर जा, वाजवा, झोपायला जा. स्टेशनावर घ्यायला सुद्धा कुणी येत नाही."

मला हसू आलं. त्यानंतर तिकडून बोलावणी कमी झाली आणि इकडून वाढली. सकाळी सत्कार असला की सराव नाही. संध्याकाळी असला तरी नाही, कारण भाषण तयार करायचं. हो, आता ते स्वतःही भाषण करायचे, आणि चांगलं करायचे. व्हिएन्नाच्या थंडीचा किस्सा, मडमेचा किस्सा, शेवटी नागपूरच्या मातीला नमस्कार. त्या लांबलचक तुकड्यातली अवघड जागा पुन्हा अडायला लागली. पुढे ते तिथपर्यंत पोचेनातच. आणि मग एक पावसाळा असा आला की माझी डाळ अगदी निवांत शिजायला लागली. पियानोवर पाहुण्यांचे चहाचे कप दिसायला लागले, आणि ओरडलं कुणीच नाही.

हे सगळं मामाजींना कळायला मार्ग नव्हता. ते दिवसभर आऱ्यावर. आयुष्यभर त्या किंकाळीशेजारी बसून त्यांचे कान निकामी होत चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढंही फार दिवस टिकायचं नाही. ते ऐकून मामाजी घरी आले आणि मला म्हणाले, "कौशल्या, मले बाकी काही ऐकायचं राह्यलं नाही वं. पण गिरधरचं एकदा हॉलमंदी ऐकायचं हाय. लोकायच्या मधात बसून."

"घरीच सांगू का त्यांना वाजवायला?" मी विचारलं. मला काय होईल ते पाहायचंच होतं.

"घरी काय वाजवते तो, एवढा मोठा माणूस," मामाजी म्हणाले. त्यांनाही शहराचीच लागण झाली होती.

ते स्वतः आनंदरावांकडे गेले. ब्याऐंशी साल होतं. मंडळ भव्य नागरी सत्कार करणारच होतं, खुद्द मंत्र्यांच्या हस्ते. मामाजींनी एकच अट घातली, आधी वादन, मग शाल, आणि पियानो ते स्वतःच्या ट्रकने आणून देतील. आनंदराव नाइलाजाने कबूल झाले. तारीख मंत्र्यांच्या सोयीने ठरली, आणि ती निघाली खंडेनवमीची.

आमच्याकडे खंडेनवमी म्हणजे मोठा दिवस. आरा धुवायचा, पात्यांना हळदकुंकू, झेंडूचे हार. एकदा अवजार पूजेला लागलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मामाजींनी हयातीत हा नियम मोडला नव्हता. पण तारखेवर ते खूश होते. "मशीन बंद रायते त्या दिवशी. कानाले आराम भेटन, चांगलं ऐकू येईन," असं ते दहा जणांना सांगत फिरले.

मी भाऊजींना विचारलं, "सराव?"

"हात विसरत नसतात, वहिनी," ते म्हणाले, आणि भाषणाचे कागद घेऊन गच्चीवर गेले.

पियानो न्यायच्या दिवशी मी त्याच्यावरचे चषक उतरवले. खाली पॉलिशवर गोल गोल डाग उमटले होते. झाकणाची किल्ली सापडेना. भाऊजी म्हणाले, असेल कुठेतरी. शेवटी ती एका चषकाच्या तळाशी मिळाली, गंजलेली, सोबत दोन सुपाऱ्या.

हॉल खच्चून भरला होता. मंत्री येणार म्हणून पुढच्या रांगा टोपीवाल्यांनी अडवल्या होत्या, पण मामाजींची खुर्ची मधोमध राखून ठेवली होती. त्यांनी धुवट धोतर नेसलं होतं, आऱ्याच्या आवाजापायी कायम कानात असणारा कापूस काढून खिशात ठेवला होता. मी त्यांच्या शेजारी बसले. स्टेजवर पियानो, समई आणि पाहुण्यांच्या खुर्च्या. आनंदरावांना आयत्या वेळी सुचलं की आज खंडेनवमी, आणि स्टेजवर एवढं मोठं वाद्य, तर पूजा झालीच पाहिजे. गुरुजी बोलावले. पियानोच्या झाकणावर स्वस्तिक काढलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूची माळ चढवली. भाऊजी हात जोडून उभे होते. मला वाटलं होतं ओरडतील.

मंत्री कोराडीला वीज केंद्रावर आले होते, तिथून निघून इकडे येणार होते. लोक वाट पाहत राहिले. मग एक माणूस घामाघूम होऊन आला आणि आनंदरावांच्या कानात काही बोलला. मंत्री कोराडीहून सरळ विमानतळावर गेले होते. ही बातमी पाच मिनिटांत खुर्च्याखुर्च्यांतून फिरली. टोपीवाले उठले, कारण ते मंत्र्यांसाठी आले होते. स्टेजवरचे पाहुणे उठले, कारण टोपीवाले उठले. भाषण करायला कुणी उरलंच नाही. आनंदराव माईकपाशी उभे राहून रडायच्या बेतात आले होते.

मागून कुणीतरी म्हणालं, "मंग वाजवू द्या ना जी आता. आमी बसलोच हाओत."

ज्यांना जायचं होतं ते उठून गेले. बाकीचे नीट बसले. पंखे तेवढे फिरत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा भाऊजी, पियानो आणि ऐकायला बसलेली माणसं एका जागी होती, आणि मध्ये कुणी नव्हतं. मामाजी पुढे वाकले आणि त्यांनी कानामागे हात धरला.

भाऊजी स्टुलावर बसले. किल्ली हातात होती. त्यांनी झाकणाकडे पाहिलं, आपल्या बोटांकडे पाहिलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, वाजवा. चुकत वाजवा, ती अवघड जागा गाळून वाजवा, या लोकांना कळणार नाही, आणि म्हाताऱ्याला तर मुळीच नाही. ते उठले आणि माईकपाशी आले.

"आज खंडेनवमी," ते गंभीर आवाजात म्हणाले. "वाद्याची पूजा झाली आहे. पूजेला लागलेल्या वाद्याला हात लावायचा नाही, हा माझ्या वडिलांनी मला दिलेला संस्कार आहे. व्हिएन्नाने मला पियानो दिला, पण संस्कार लकडगंजाने दिला. तो मी मोडणार नाही."

मामाजींना नीट ऐकू गेलं नाही. "काय म्हणून राहिला तो?" त्यांनी मला विचारलं.

मला इतका राग आला होता की माझा आवाज आपोआप चढला. "पूजा झाली म्हणतात, मामाजी. वाजवत नाही म्हणतात." सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

मामाजी उठले. मी हात धरला, तो सोडवून ते पायऱ्या चढून स्टेजवर गेले. माईक कसा धरायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण बहिऱ्या माणसाला माईक लागत नाही. "गिरधर," ते म्हणाले, "मी आजच्या दिवशी आऱ्याले कधी हात लावला नाही, हे खरं हाय. पण तू वाजव. पाप लागन तर मले लागू दे. वाजव गा, बापू."

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. मला दिसला, मी जवळच होते. क्षणभर वाटलं, आता बसतात. मग त्यांनी वाकून मामाजींच्या पायावर डोकं ठेवलं आणि माईकमधून ऐकू जाईल असं म्हणाले, "नाही बाबा. तुम्ही सांगितलं तरी तुमचा नियम मी मोडणार नाही."

आणि मग ज्या टाळ्या पडल्या, तशा मी नागपुरात कुणाला पडलेल्या ऐकल्या नाहीत. माणसं उभी राहिली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एवढी वर्षं परदेशात राहून एवढा संस्कार, असं माझ्या मागची बाई शेजारणीला सांगत होती. भाऊजींना त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी दाद मिळाली ती न वाजवल्याबद्दल. आनंदरावांना जीव आला. त्यांनी धावत जाऊन शाल आणली, आणि मंत्री नाहीत म्हणून मामाजींच्याच हातात दिली. म्हाताऱ्याने ती पोराच्या अंगावर घातली, दोन्ही हात आत झाकले जातील अशी, थंडी वाजणाऱ्या पोराला पांघरूण घालावं तशी. घरी येताना रिक्षात मामाजींनी कापूस परत कानात घातला. 

दसऱ्याच्या सकाळी पेपर आला. बातमी बहुधा निमंत्रणपत्रिका पाहून आदल्या दुपारीच लिहिली असावी. मामाजींना चष्म्यानेही बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून मीच वाचून दाखवायचे. मी वाचलं: "मंत्रीमहोदयांच्या शुभहस्ते विश्वविख्यात पियानोवादक गिरिधर डांगरे यांचा नागरी सत्कार. डांगरे यांच्या बहारदार वादनाने खचाखच भरलेले सभागृह दोन तास मंत्रमुग्ध झाले. भैरवीने मैफलीची सांगता झाली."

मामाजींनी पेपरवर बोट ठेवलं. "मी तिथंच होतो ना वं?" त्यांनी विचारलं.

"होता जी."

"मंग वाजवलं असन त्यानं. माह्या कानाचंच खरं नाही आता."

त्यांना सगळं कळत होतं. मला ते चेहऱ्यावर दिसलं आणि माझा जीव गलबलला. इतक्या वर्षांत मी त्या घरात कुणासाठी रडले नव्हते, त्या दिवशी चुलीपाशी जाऊन रडले.

दुपारी ट्रकने पियानो घरी आला, झेंडूच्या माळेसकट. आऱ्याची उत्तरपूजा झाली होती, पियानोचीही झाली. आता हात लावायला कुणाची हरकत नव्हती. मामाजींनी वाजव म्हटलं नाही. भाऊजींनी वाजवतो म्हटलं नाही. ते आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मी एकेक चषक पुसून परत वर ठेवला, किल्ली होती त्याच चषकात टाकली.

संध्याकाळी लोक सोनं द्यायला येऊ लागण्याआधी मामाजी येऊन पियानोशेजारच्या खुर्चीत बसले. कानातला कापूस काढून त्यांनी खिशात ठेवला. "तो पेपर आण वं, कौशल्या," ते म्हणाले. "अजून एकडाव वाच. जोरात वाच."

मी उभी राहून वाचलं. दोन तास मंत्रमुग्ध, भैरवी, सगळं. भाऊजींच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं, तिकडे तोंड करून वाचलं. मामाजींनी डोळे मिटले होते आणि कानामागे हात धरला होता.

"अजून जोरात," ते म्हणाले.